१९९ किलोंशी जमवून घेताना

रॉयल एनफिल्डची हिमालयन ही मोटरसायकल घेतली तेव्हा तिच्या माहितीपत्रकातला एक आकडा मी नीट वाचलाच नव्हता. ४११ सीसी वाचलं, १५ लिटरची टाकी वाचली, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंची वाचली आणि पुढचं चाक २१ इंची आहे म्हणून हरखून गेलो. वजन १९९ किलो, हेही त्याच पानावर छापलेलं होतं. गेली चार वर्षं मी रोज ज्याच्याशी जमवून घेतोय ते हे वजन. बाकी सगळं त्याच्या मागून शिकलो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. राहायला साताऱ्यात, शाळा बामणोलीच्या बाजूला डोंगरातल्या एका वाडीवर. सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचा, कास पठार ओलांडायचं, तिथून कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या दिशेनं उतरत जायचं आणि शेवटचे चार किलोमीटर कच्च्या रस्त्यानं वाडी गाठायची. जाऊन येऊन ७२ किलोमीटर. उन्हाळ्यात हा रस्ता कुणालाही जमतो. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मात्र धुकं, आडवा पाऊस आणि पठारावरचा वारा. आधीची गाडी शंभर सीसीची, ११२ किलोंची होती. बारा वर्षं तिनं इमानानं साथ दिली. पण पठारावर वारा सुटला की ती रस्त्याच्या कडेला ढकलली जायची, आणि वाडीच्या रस्त्यावर तिची लहान चाकं प्रत्येक खड्ड्याच्या तळाला जाऊन यायची. दोन पावसाळ्यांत दोनदा रिम वाकली.

२०२१ च्या अखेरीस शाळा पुन्हा भरायला लागल्या, तेव्हा ही हिमालयन घेतली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीभोवती एक फेरी मारली, हँडलला धरून ती जरा इकडं तिकडं हलवून बघितली आणि म्हणाले, "बैलासारखी हाय. सवय झाल्याबिगर ऐकायची न्हाय." आप्पांनी बैल राखलेत. त्यांना एका हिसक्यात कळलं ते मला कळायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला.

पहिल्यांदा गाडी पडली ती चालवताना नव्हे, उभी असताना. घेऊन नऊ दिवस झाले होते. शाळेच्या मैदानाच्या कडेला करंजाखाली लावली होती. मुलांनी दुपारी झाडांना पाणी घातलं, माती भिजली आणि साइड स्टँड लोण्यात सुरी जावी तसा हळूहळू आत गेला. वर्गात फळ्यावर लिहीत असताना धप्प असा आवाज आला. बाहेर आलो तर गाडी डाव्या कुशीवर, टाकीच्या झाकणातून पेट्रोलचा वास, आणि बारा मुलं एका रांगेत गप्प उभी. मी समोरून वाकलो, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि जोर लावला. गाडी वीतभर वर आली आणि परत खाली बसली. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा माझ्या कमरेत कळ आली. शेवटी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी हाक मारून शेतातल्या दोघांना बोलावलं. तिघांनी मिळून ती उभी केली.

त्या दिवसापासून टँकबॅगेत पत्र्याच्या डब्याचं एक चपटं झाकण असतं. मऊ जमिनीवर गाडी लावायची असली की ते स्टँडखाली सरकवायचं. चार वर्षांत गाडीला जे काही लावलं, जोडलं, त्यातली सगळ्यांत उपयोगाची वस्तू ती आहे आणि तिला एक पैसाही पडलेला नाही.

कमरेची कळ गेली, पण मनात भीती बसली. एकटा असताना ही पडली तर काय? पठारावर सकाळी सात वाजता धुक्यात माणूस दिसत नाही. त्या भीतीनं मी गाडी आखडून चालवायला लागलो. हात ताठ, खांदे वर, नजर पुढच्या चाकाच्या जरा पुढं. जड गाडी अशी चालवली की ती हमखास पडते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या जुलैतली गोष्ट. शाळेत पालकांचा कार्यक्रम होता म्हणून बायको बरोबर होती. वाडीच्या रस्त्यावर एक उलटं वळण आहे, चढाचं, तांबड्या चिकणमातीचं, आणि वळणाच्या पोटात पाण्यानं कोरलेली घळ. त्या वळणावर मी वेग कमी केला. फार कमी केला. गाडी जवळजवळ थांबली, मी डावा पाय टेकवायला गेलो आणि पायाखाली जमीन नव्हतीच, घळ होती. माझी उंची पाच फूट पाच इंच. सपाटीवर माझे दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाहीत. घळीत चवडाही टेकला नाही. गाडी आणि आम्ही दोघं, अगदी सावकाश, उताराच्या बाजूला आडवे झालो. लागलं कुणालाच नाही. पण आता चाकं वर चढाकडं आणि हँडल खाली उताराकडं, अशी ती पडली होती. आम्ही दोघांनी मिळून तीन वेळा जोर लावला. पावसात बूट घसरत होते. बायको म्हणाली, "थांबा. असं नाही व्हायचं. कुणीतरी येईल."

आले ते वाडीतले एक आबा. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर इरलं, हातात काठी. पोरासोरांना हाक मारतील असं मला वाटलं. त्यांनी काठी बांधाला टेकवून ठेवली, गाडीभोवती आप्पांसारखीच एक फेरी मारली आणि म्हणाले, "गुरुजी, हातानं वजन उचलत न्हाईत. पायानं उचलत्यात."

आबांनी मुंबईला मशीद बंदरात २६ वर्षं माथाडी म्हणून काम केलं. आमच्या जावळी-पाटणच्या डोंगरातून पिढ्यान् पिढ्या माणसं त्या कामाला गेली. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातले. हमाल-माथाडींसाठी १९६९ मध्ये कायदा झाला. आबा त्यानंतर काही वर्षांनी मुंबईला गेले. शंभर किलोंचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालणं हे त्यांचं रोजचं काम. मी पदवीधर, त्यात शास्त्र विषयाचा, तरफ आणि गुरुत्वमध्य पोरांना शिकवणारा. पण वजन कसं हाताळायचं ते मला त्या दिवशी आबांनी शिकवलं.

आधी त्यांनी उताराचा हिशेब केला. "हितनं उचलाया गेलं तर डोंगरबी उचलावा लागंल," ते म्हणाले. म्हणून आम्ही गाडी उचलली नाही, फिरवली. क्रॅशगार्डवर टेकलेली गाडी मागच्या कॅरिअरला धरून जमिनीवरच ओढत वळवली, चाकं उताराकडं आणि हँडल चढाकडं येईपर्यंत. चिखलाचा तेवढा फायदा झाला, ती सरकली. मग किल्ली बंद आहे ना बघितलं, गिअर टाकला म्हणजे चाक फिरायचं नाही. मग आबांनी मला गाडीकडं पाठ करून उभं केलं. सीटच्या कडेला बैठक टेकवायची, गुडघे वाकवायचे. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून खालची मूठ एका हातात धरायची, दुसऱ्या हातात सीटमागची दांडी. दंड सरळ, पाठ ताठ, नजर समोर. "आता मागं मागं चाला. बारकी पावलं टाका. वढू नगा." मी मांड्यांनी जोर लावला, टाचा रोवून मागं एक पाऊल, दुसरं, तिसरं. गाडी कुरकुरत वर आली. अर्ध्यावर आल्यावर तिचं वजनच हलकं झालं आणि ती उभी राहिली. आबांनी हातसुद्धा लावला नव्हता. बायको दुसऱ्या बाजूला उभी राहिली होती, ती तिकडं कलंडू नये म्हणून.

तो प्रसंग मी इतक्या सविस्तर सांगतोय, कारण त्यानंतर माझं गाडी चालवणंच बदललं. पडली तर उचलता येते, एवढं कळल्याबरोबर हात सैल झाले. हात सैल झाल्यावर गाडी पडणं कमी झालं. त्यानंतर आजवर ती अजून पाच वेळा पडली असेल, पाचही वेळा चालण्याच्या वेगानं किंवा उभ्या-उभ्या. वेगात एकदाही नाही. पाचांतल्या चार वेळा मी एकट्यानं उचलली. पाचव्या वेळी सामान उतरवलं नव्हतं, म्हणून कासवरच्या एका टेम्पोवाल्या दादांनी हात दिला.

या वर्गातली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: घरी आणल्यावर पहिल्या रविवारी गवतावर दोन रिकामी पोती अंथरा, गाडी सावकाश आडवी करा आणि उचला. दोन्ही बाजूंनी. उजव्या बाजूला पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडं जाईल. डाव्या बाजूला पडलेली उचलल्यावर ती एका हातानं धरून टाचेनं स्टँड ओढावा लागतो, त्याचा सराव करा. नवी गाडी मुद्दाम आडवी करायला जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे.

आता चालवण्याबद्दल. ही ४११ जुन्या घडणीची आहे. इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८६ मिलिमीटर, म्हणजे दट्ट्याचा प्रवास लांब. त्यामुळं ती कमी फेऱ्यांतच भरपूर ओढते. ताकद २४ बीएचपीच्या जरा वर, एवढ्या वजनाच्या मानानं थोडीच. पण ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, चार हजार फेऱ्यांच्या आसपास हातात येतो आणि वाडीच्या चढाला तोच लागतो. पहिल्या गिअरमध्ये, थोडा हाफ क्लच, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर वळणाच्या शेवटाला, अशी ती माणूस चालेल त्या वेगानं दगडांतून निघते. पुणे-सातारा महामार्गावर ८०-९० ला ती खुशीत असते. मी त्याच वेगात असतो. घाई असणाऱ्यानं दुसरी गाडी बघावी, त्यात गाडीला बोल लावण्यासारखं काही नाही.

कच्च्यावर फूटपेगवर उभं राहून चालवायला मला वर्ष लागलं. उभं राहिलं की माणसाचं वजन सीटवरून पायांच्या पट्टीवर, म्हणजे खूप खाली, जातं. गाडी मांड्यांच्या मधे मोकळी हलते. पुढचं चाक दगडावर आपटून इकडंतिकडं गेलं तरी अंग सरळ राहतं. पुढं २०० मिलिमीटर आणि मागं १८० मिलिमीटर शॉकअपचा प्रवास आहे, तो बसून चालवताना अर्धाच वापरला जातो असं मला वाटतं. आधी दहा मिनिटांत पोटऱ्या भरून यायच्या. आता तो चार किलोमीटरचा रस्ता मी पूर्ण उभ्यानं जातो.

उतारावर मात्र वेगळा विचार. ओल्या मुरमाच्या उतारावर पहिला गिअर, इंजिनाचाच ब्रेक, पुढचा ब्रेक दोन बोटांनी हलका. माझ्या गाडीत मागच्या चाकाचा एबीएस, म्हणजे चाक अडकू नये म्हणून ब्रेक आपोआप सोडणारी यंत्रणा, बटण दाबून बंद करता येतो. सैल मातीवर एबीएस सारखा ब्रेक सोडत राहतो, गाडी खाली सुटत जाते, म्हणून तिथं मी तो बंद करतो. किल्ली बंद करून परत चालू केली की तो आपोआप सुरू होतो, हे चांगलंच आहे, कारण डांबरावर तो हवाच.

आणि थांबणं. जड गाडी चालताना पडत नाही, थांबताना पडते. कुठं थांबायचं ते वीस फूट आधी ठरवतो. कोणता पाय टेकवायचा तेही आधीच. दोन्ही चवडे अर्धवट टेकवण्यापेक्षा सीटवर जरा सरकून एक पाऊल पूर्ण टेकवलेलं बरं. उताराकडं तोंड करून गाडी कधीच लावत नाही, कारण मागं ढकलून काढणं एकट्याचं काम नाही. घराच्या बोळातसुद्धा रोज रात्री तोंड बाहेर करूनच लावतो. डबल स्टँडवर घेताना हातानं ओढत नाही, स्टँडच्या पट्टीवर पूर्ण वजन देऊन उभा राहतो, गाडी आपसूक मागं चढते. आबांचंच सूत्र.

एक बारीक गोष्ट मला खूप उशिरा उमगली. टाकी भरलेली असली की गाडी सोमवारी जड वाटते आणि शुक्रवारी हलकी. आधी वाटायचं सुट्टीनंतरचा आळस असेल. मग हिशेब केला: पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास, १५ लिटरचे झाले अकरा किलो, आणि तेही गाडीच्या सगळ्यांत वरच्या जागी. आता पावसाळ्यात टाकी अर्धीच ठेवतो. अॅव्हरेज ३० चं पडतं, तेव्हा अर्ध्या टाकीतही शाळेच्या तीन खेपा होतात. रोजचं अडीचशे रुपयांचं पेट्रोल जातं, आधीच्या गाडीच्या दुप्पट. आप्पांना हा हिशेब अजून पटलेला नाही. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. माझ्याकडं उत्तर एकच आहे, की चार पावसाळ्यांत गाडीमुळं शाळा एक दिवसही बुडालेली नाही.

हौसेच्या वस्तूंबद्दल थोडं. सुरुवातीला एका दुकानदारानं मला जाड लोखंडी गार्ड, लोखंडी पेट्या आणि त्यांचे भक्कम स्टँड लावून दिले. घरी येऊन भंगारवाल्याच्या काट्यावर आधीच्या आणि नव्या भागांचं वजन केलं तर सामान न भरताच १८ किलो वाढले होते, बहुतेक सगळे मागं आणि वर. पेट्या आणि त्यांचे स्टँड महिन्याभरात काढले. आता कापडी पिशव्या आहेत, सीटच्या दोन्ही अंगांना, होतील तेवढ्या खाली आणि पुढं बांधलेल्या. जड वस्तू तळाशी. इंजिनाखालचा पत्रा आणि खालचा गार्ड मात्र ठेवलाय, त्यानं इंजिन वाचलं आहे.

दुरुस्तीचं फार लांबवत नाही. मागचा टायर सोळा-सतरा हजार किलोमीटरला बदलतो, पुढचा पंचवीस हजारांच्या पुढं जातो. चेन दर शनिवारी साफ करून तेल देतो, तरी चोवीस हजारांना चेन-स्प्रॉकेटचा संच बदलावा लागला, माती आणि पाणी कुणाला चुकलंय. उन्हाळ्यात वाडीच्या रस्त्याची तांबडी धूळ एअर फिल्टर भरून टाकते, तो मे महिन्यात दोनदा झाडतो. टायरमधली हवा डांबरावर पुढं २५, मागं ३२ ठेवतो. शाळेच्या रस्त्यावर चिखल फार असेल तर पुढं २० वर आणतो आणि परत येताना हातपंपानं भरतो.

एक चूक मात्र सांगायलाच हवी, कारण ती पूर्ण माझी होती. चिखलानं भरलेली गाडी दर आठवड्याला मी वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं धुवायचो. पोरगा नळी हँडलच्या मानेवर आणि चाकांच्या मध्यावर धरायचा, चिखल उडायचा, मला बरं वाटायचं. एकतीस हजारांच्या सुमारास गाडी सरळ रस्त्यावर विचित्र वागायला लागली. हँडल मधोमध कुठंतरी अडकल्यासारखं, किंचित वळवायचं म्हटलं की खट्कन सुटायचं. कास पठारावर वाऱ्यात ते अंगावर काटा आणणारं होतं. आमच्या मिस्त्रींनी गाडी डबल स्टँडवर घेतली, मागं माणूस बसवून पुढचं चाक उचललं आणि हँडल दोन बोटांनी सावकाश फिरवलं. मधे येताच खाच लागली. "कोनसेट गेला गुरुजी. पाणी मारून मारून ग्रीस धुतलंत." कोनसेट म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग. खोललं तर आतल्या गोळ्यांवर गंज आणि वाट्यांवर त्यांचे ठसे. नवा कोनसेट टाकला. आता गाडी मी घरी बादलीनं आणि ब्रशनं धुतो आणि दर मे महिन्यात मान उघडून ग्रीस भरून घेतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं ही दोन बोटांची परीक्षा आधी करावी.

आरे असलेल्या चाकांत ट्यूब असते, त्यामुळं पंक्चर रस्त्यातच काढता यायला हवं. मागचं चाक डबल स्टँडमुळं सोपं जातं. पुढचं चाक काढायचं तर इंजिनाखालच्या पत्र्याला दगड लावून पुढचा भाग उचलून धरावा लागतो. एकदा शाळेच्या मैदानात पुढचं चाक बसलं, तेव्हा मी त्याचाच पाठ घेतला. तिसरी-चौथीच्या मुलांनी ट्यूब पाण्याच्या टोपात बुडवून बुडबुडे शोधले, लिव्हरला तरफ का म्हणायचं ते हातानं दाबून बघितलं, आणि हवा भरताना आळीपाळीनं पंप मारत मोठ्यांदा मोजलं. तीनशे बारा झाले. त्या दिवसानंतर पहिलीतल्या पोरांनाही शंभराच्या पुढचे आकडे तोंडपाठ झाले होते, कारण तीही मागं उभी राहून मोजत होती.

मे महिन्याच्या सुट्टीत एकदा स्पितीलाही जाऊन आलो. गाडी पुण्याहून रेल्वेच्या पार्सलनं दिल्लीला पाठवली, टाकी पूर्ण रिकामी करून, गोणपाटात बांधून. तिथून शिमला, किन्नौर, नाको, ताबो, काझा, आणि त्याच वाटेनं परत. साडेतीन हजार मीटरच्या वर हवा विरळ असते, इंजिनाची ताकद कमी होते, आपलीही. तिथं मला आपल्या डोंगराची आठवण सारखी यायची. त्यांचा रस्ता दगडांचा आणि कोरडा, आपला चिखलाचा आणि ओला. प्रवास सुंदर होता, पण तो अठरा दिवसांचा. या गाडीची खरी ओळख मला वाडीच्या चार किलोमीटरांवर झाली.

कोकणात मात्र वारंवार जातो. बायकोचं माहेर गुहागरकडं. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, असा रस्ता. पुढं दापोलीला जायचं झालं की धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीनं खाडी ओलांडायची. पहिल्यांदा बोटीचा ओला लोखंडी उतार बघून छातीत धस्स झालं होतं. आता मागं बसलेली उतरते, मी गाडी सरळ रेषेत, ब्रेक न लावता, पहिल्या गिअरमध्ये आत घेतो, बोटीवर गिअरमध्येच ठेवून शेजारी उभा राहतो. तापोळ्याला शिवसागरावर तराफा आहे, तिथंही हाच रिवाज. तराफ्यावर गाडीला टेकून उभं राहावं, चारी बाजूंनी पाणी आणि वर डोंगर, इंजिन गार होताना टिकटिक आवाज करतं. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी मी वाकडी वाट करून जातो.

गव्याची भेट सांगायची राहिली. मागच्या नोव्हेंबरात बैठकीमुळं शाळेतून निघायला उशीर झाला. कासच्या अलीकडं, अंधार पडता पडता, वळणावर रस्त्याच्या मधोमध नर गवा उभा. पूर्ण वाढलेला नर आठशे किलोंच्या पुढचा असतो. माझ्यात आणि त्याच्यात तीस-चाळीस पावलं. हॉर्न वाजवला नाही, प्रकाश खाली केला, डावा पाय पूर्ण टेकवून इंजिन सुरूच ठेवलं. सुरू इंजिनाचा तो संथ ठोका आणि गव्याचा फुत्कार, दुसरा आवाज नाही. पाचेक मिनिटांनी तो कारवीच्या झाडोऱ्यात गेला. मी अजून पाच मिनिटं थांबलो, कारण कळपातले बाकीचे मागं असतात. तीन माद्या आणि एक वासरू पार झालं. सुरुवातीच्या दिवसांत असतो तर घाबरून गाडी वळवायला गेलो असतो आणि तिथंच पाडली असती.

मागं बसणाऱ्याबद्दलही लिहायला हवं. दोघं असताना मागच्या शॉकअपची ताकद दोन खाचा वाढवतो. चढण्याआधी बायको विचारते "चढू?", मी दोन्ही पाय रोवून "चढ" म्हटल्यावरच पेगवर पाय देते. त्या वळणावरच्या प्रसंगानंतर आम्ही हे ठरवलं आणि एकदाही मोडलेलं नाही. पण तिच्या मनात वेगळंच होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती म्हणाली, "मला शिकवा. चालवायला नंतर. आधी उचलायला."

शाळेच्या मैदानावर गेलो. पोती अंथरली. आबा पायरीवर येऊन बसले होते, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ती पाच फूट एक इंच, वजन बावन्न किलो. गाडी उजव्या बाजूला आडवी केली, स्टँड आधीच बाहेर काढला. तिनं पाठ लावली, मूठ धरली, गुडघे वाकवले. पहिल्यांदा टाचा घसरल्या. आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "पोरी, खाली बघू नगं. शाळंच्या कौलांकडं बघ." तिनं कौलांकडं बघितलं आणि चालायला लागली. पाऊल, पाऊल, पाऊल. गाडी उभी राहिली आणि पलीकडं स्टँडवर टेकली.

"आता डाव्या बाजूनं," ती म्हणाली.

आम्ही परत आडवी केली. डावीकडून अवघड, स्टँड अंगाखाली. तिनं उचलली, मांडीनं टेकवून धरली, टाचेनं स्टँड बाहेर ओढला. मग गाडीला रेलूनच तिनं मला हाक मारली, "अहो, ते झाकण सरकवा खाली. जमीन ओली आहे."